सुवाह्य स्पीकर डॉक

सुवाह्य स्पीकर डॉक हे खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीत प्लेयरमधील संगीत हेडफोनशिवाय, खोलीतील सर्वांना ऐकू येईल अशा रीतीने वाजवणारे छोटे ध्वनिवर्धक उपकरण होय. प्लेयर उभा बसवण्यासाठी या उपकरणात एक खाच असते. खाचेतून वर आलेला कनेक्टर प्लेयरच्या तळाच्या जोडणीत बसतो. या एकाच जोडणीतून प्लेयरमधील ध्वनिसंकेत डॉककडे येतो आणि डॉककडून प्लेयरला चार्जिंगसाठी वीज मिळते. अनेक डॉकमध्ये रिमोटच्या आज्ञाही याच मार्गाने प्लेयरपर्यंत पोहोचतात. 'सुवाह्य' डॉक बॅटरीवर किंवा सेलवर चालतो व सहज उचलून नेता येतो.

अशा डॉकचा प्रसार मुख्यतः २००३ ते २०१२ या काळात, ॲपल कंपनीच्या आयपॉड या प्लेयरच्या लोकप्रियतेबरोबर झाला. २०१२ मध्ये ॲपलने आपल्या उपकरणांची जोडणी बदलली. त्याच सुमारास ब्लूटूथ स्पीकर स्वस्त व सोयीचे झाले आणि डॉकचे उत्पादन झपाट्याने घटले. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात व अनेक घरांत हे डॉक आजही आढळतात. डॉकमधील स्पीकर व वर्धक दीर्घकाळ टिकतात, मात्र त्यावरील कनेक्टर काही वर्षांतच कालबाह्य होऊ शकतो. त्यामुळे डॉक निवडताना आवाजाच्या दर्जाइतकाच जोडणीचा विचार महत्त्वाचा ठरतो.

नाव व व्याप्ती

इंग्रजीत 'डॉक' म्हणजे जहाजाची गोदी. जहाज गोदीत लागल्यावर मालाची चढउतार होते व इंधनही भरून घेता येते. त्याच धर्तीवर, एखादे लहान उपकरण ज्यात बसवले असता त्याची माहितीची देवाणघेवाण व चार्जिंग एकाच वेळी होते, अशा बैठकीला डॉक म्हटले जाऊ लागले. लॅपटॉप संगणकांसाठी ही संज्ञा आयपॉडच्या आधीपासून रूढ होती.

संगीत प्लेयरच्या संदर्भात डॉकचे दोन प्रकार पडतात. साधा डॉक ही केवळ चार्जिंगची व जोडणीची बैठक असते आणि तिला वेगळे स्पीकर जोडावे लागतात. स्पीकर डॉकमध्ये बैठक, वर्धक व स्पीकर एकाच पेटीत असतात. स्पीकर डॉकपैकी काही केवळ घरगुती विजेवर चालणारे, काही घड्याळ व रेडिओ असलेले आणि काही सुवाह्य असतात. या लेखात प्रामुख्याने सुवाह्य प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास

पार्श्वभूमी

सोनी कंपनीने १९७९ मध्ये वॉकमन बाजारात आणला आणि चालता-फिरता, हेडफोन लावून एकट्याने संगीत ऐकण्याची सवय जगभर रुजली. वॉकमनला जोडता येणारे छोटे स्पीकरही पुढे मिळू लागले. ते हेडफोनच्या ३.५ मिमी जॅकमध्ये वायरीने जोडले जात. या जोडणीतून केवळ ध्वनिसंकेत जात असे. चार्जिंग किंवा गाणे बदलण्याची सोय तिच्यात नव्हती.

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड सादर केला. पहिल्या आयपॉडची साठवणक्षमता ५ गिगाबाइट होती आणि संगणकाशी जोडण्यासाठी त्याला फायरवायर जोडणी दिली होती. पहिल्या दोन पिढ्यांच्या आयपॉडला तळाशी डॉकची जोडणी नव्हती.

३०-पिन जोडणी

एप्रिल २००३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आयपॉडला तळाशी ३० पिनांची रुंद, चपटी जोडणी देण्यात आली. काही मॉडेलांसोबत ॲपलने साधा डॉकही दिला होता. या जोडणीत फायरवायर व यूएसबी या दोन्ही पद्धतींच्या पिना होत्या, लाइन-आउट स्वरूपाचा ध्वनिसंकेत देणाऱ्या स्वतंत्र पिना होत्या आणि प्लेयरला आज्ञा देण्यासाठी सिरीयल संपर्काच्याही पिना होत्या. सर्व काही तळाशी एकाच ठिकाणी एकवटल्यामुळे स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांना 'प्लेयर उभा ठेवा आणि ऐका' अशा पद्धतीचे उपकरण तयार करणे शक्य झाले.

आयपॉड मिनी (२००४), आयपॉड नॅनो (२००५), आयफोन व आयपॉड टच (२००७) आणि आयपॅड (२०१०) या सर्वांना हीच जोडणी होती. आयपॉड शफल हा अपवाद होता. त्याला ३०-पिन जोडणी कधीच मिळाली नाही. जवळजवळ दशकभर एकच जोडणी टिकल्यामुळे पूरक उपकरणांचा मोठा बाजार उभा राहिला. २००५ मध्ये ॲपलने 'मेड फॉर आयपॉड' ही परवाना योजना सुरू केली. या योजनेत बसणाऱ्या उत्पादनांच्या वेष्टनावर तसे चिन्ह छापले जाई. प्लेयरची जाडी व रुंदी पिढीगणिक बदलत असे, म्हणून त्याच वर्षी ॲपलने 'युनिव्हर्सल डॉक' ही रचना आणली. तीत खाचेचा आकार ठरावीक ठेवून प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा, क्रमांकित प्लास्टिकचा साचा बसवला जाई.

प्रसार

अल्टेक लॅन्सिंग कंपनीचे 'इनमोशन' हे घडी घालता येणारे व पेन्सिल सेलवर चालणारे डॉक या प्रकारातील आरंभीच्या उत्पादनांपैकी होत. बोस कंपनीने २००४ मध्ये 'साउंडडॉक' आणला. तो केवळ घरगुती विजेवर चालत असे. त्याची बॅटरीवर चालणारी 'साउंडडॉक पोर्टेबल' ही आवृत्ती २००७ मध्ये आली. तिच्यातील प्लेयरची बैठक फिरवून आत मिटता येत असे. जेबीएलचा कड्याच्या आकाराचा 'ऑन स्टेज', लॉजिटेकचा रीचार्जेबल बॅटरीचा 'एमएम५०' आणि आयहोमचे गजराचे घड्याळ असलेले डॉक हेही त्या काळी परिचित होते.

खुद्द ॲपलने २८ फेब्रुवारी २००६ रोजी 'आयपॉड हाय-फाय' हा स्पीकर डॉक ३४९ डॉलरला बाजारात आणला. तो घरगुती विजेवर किंवा 'डी' आकाराच्या सहा मोठ्या सेलवर चालत असे. त्याचे वजन सेलशिवायही ६ किलोग्रॅमहून अधिक होते, त्यामुळे हँडल असूनही तो 'सुवाह्य' म्हणण्याजोगा हलका नव्हता. सप्टेंबर २००७ मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षातच, त्याची विक्री थांबवण्यात आली.

इतर कंपन्यांच्या प्लेयरसाठीही डॉक निघाले, परंतु त्यांची संख्या मर्यादित राहिली. सोनीच्या नव्या वॉकमन प्लेयरला २२ पिनांची 'डब्ल्यूएम-पोर्ट' ही वेगळी जोडणी होती. मायक्रोसॉफ्टच्या झून (२००६) या प्लेयरची जोडणीही स्वतंत्र होती. अँड्रॉइड फोनांत मायक्रो-यूएसबी सर्वत्र असली, तरी तिची जागा प्रत्येक फोनमध्ये वेगळी असे. फिलिप्सने अशा फोनांसाठी सरकवता येणारा कनेक्टर असलेले डॉक काढले. त्यांत मायक्रो-यूएसबीतून केवळ चार्जिंग होई व ध्वनिसंकेत ब्लूटूथने जाई.

ऱ्हास

डॉकच्या सुसंगततेला पहिला धक्का २००८ मध्ये बसला. सुरुवातीचे अनेक डॉक प्लेयरला फायरवायरच्या पिनांमधून १२ व्होल्टचा पुरवठा करत असत. आयफोन ३जी, दुसऱ्या पिढीचा आयपॉड टच व चौथ्या पिढीचा आयपॉड नॅनो यांत ही सोय काढून टाकण्यात आली व चार्जिंग केवळ यूएसबीच्या ५ व्होल्टवर होऊ लागले. कनेक्टर तोच होता, प्लेयर खाचेत नीट बसत होता, गाणीही वाजत होती. मात्र जुन्या डॉकवर चार्जिंग होईनासे झाले.

दुसरा बदल बिनतारी पद्धतीचा होता. २००९ मध्ये आयफोनच्या प्रणालीत ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची सोय आली. २०१० मध्ये ॲपलने घरातील वायफायवरून संगीत पाठवणारी 'एअरप्ले' पद्धत आणली आणि त्याच वर्षी जॉबोन कंपनीचा 'जॅमबॉक्स' हा छोटा ब्लूटूथ स्पीकर बाजारात आला. फोन हातात ठेवूनच गाणे बदलता येऊ लागले. डॉकमध्ये बसवलेला फोन मात्र बोलण्यासाठी प्रत्येक वेळी काढावा लागे.

तिसरा व निर्णायक बदल १२ सप्टेंबर २०१२ रोजी आयफोन ५ सोबत झाला. ॲपलने ३०-पिन जोडणीऐवजी ८ संपर्कांची 'लाइटनिंग' जोडणी आणली. जुन्या डॉकसाठी अडॅप्टर उपलब्ध करून देण्यात आला, परंतु त्याची किंमत अमेरिकेत २९ डॉलर होती आणि त्यावर बसवलेला फोन खाचेबाहेर उंच व डळमळीत उभा राहत असे. लाइटनिंगचे काही स्पीकर डॉक निघाले, तरी पूर्वीचा बाजार पुन्हा उभा राहिला नाही. ३०-पिन जोडणी असलेल्या आयपॉड क्लासिकची विक्री सप्टेंबर २०१४ मध्ये थांबली. मे २०२२ मध्ये आयपॉड टच बंद करण्यात येऊन आयपॉडची मालिकाच संपली. २०२३ मध्ये आयफोन १५ सोबत लाइटनिंगची जागाही यूएसबी-सीने घेतली.

रचना व कार्य

स्पीकर डॉकचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे असतात: प्लेयरची बैठक व कनेक्टर, वर्धक, एक किंवा अधिक स्पीकर, विद्युतपुरवठा आणि नियंत्रणे.

३०-पिन जोडणीतून मिळणारा लाइन-आउट संकेत प्लेयरच्या हेडफोन वर्धकातून जात नाही. त्याची पातळी ठरावीक असते आणि प्लेयरवरील आवाजाच्या नियंत्रणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. आवाज डॉकवरूनच कमी-जास्त करावा लागतो. डॉकमधील ठरावीक मूल्याचा रोधक प्लेयरला कोणत्या प्रकारचे उपकरण जोडले आहे हे कळवतो. सिरीयल पिनांमधून 'पुढचे गाणे', 'थांबा' यांसारख्या आज्ञा जातात. यामुळे रिमोट असलेल्या डॉकवर प्लेयरला हात न लावता गाणे बदलता येते.

सुवाह्य डॉकमध्ये बहुधा 'डी' वर्गाचा वर्धक वापरतात. या प्रकारात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज कमी असल्यामुळे बॅटरी अधिक काळ पुरते व पेटी लहान ठेवता येते.

लहान स्पीकरची मुख्य अडचण खर्जाच्या स्वरांची असते. खालचा स्वर तितक्याच जोराने ऐकू येण्यासाठी स्पीकरला पुष्कळ अधिक हवा हलवावी लागते. वारंवारता निम्मी झाली, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवेचे विस्थापन लागते. ५ सेंमी व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ १० सेंमी व्यासाच्या पडद्याच्या एक-चतुर्थांश असते. त्यामुळे लहान पडद्याला ही कसर पुढे-मागे जास्त हलून भरून काढावी लागते आणि त्या हालचालीला मर्यादा असते. यावर उपाय म्हणून पेटीला नळीसारखे छिद्र ठेवतात किंवा विद्युतजोडणी नसलेला, केवळ आतील हवेच्या दाबाने हलणारा 'पॅसिव्ह रेडिएटर' बसवतात. दोन्ही उपायांनी खर्जाला मदत होते, पण पेटीच्या आकाराची मर्यादा पूर्णपणे ओलांडता येत नाही.

निवडीचे निकष

जोडणी व सुसंगतता

प्लेयर कोणत्या पिढीचा आहे व त्याची जोडणी कोणती, हे प्रथम पाहावे लागते. प्लेयर खाचेत बसणे, त्यावरील संगीत वाजणे, त्याचे चार्जिंग होणे आणि रिमोट चालणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक जमली म्हणून उरलेल्या जमतातच असे नाही. २००८ पूर्वीचा डॉक व त्यानंतरचा प्लेयर या जोडीत चार्जिंग न होण्याची शक्यता सर्वाधिक असते. युनिव्हर्सल प्रकारच्या डॉकसोबत प्लेयरच्या मॉडेलचा योग्य साचा आहे का, हेही महत्त्वाचे असते. साचा नसल्यास प्लेयरचा सगळा भार बारीक पिनांवर येतो आणि धक्का लागल्यास कनेक्टर वाकतो.

पूरक इनपुट

डॉकच्या मागील बाजूस ३.५ मिमीचे 'ऑक्स' इनपुट असणे हा दीर्घकालीन उपयुक्ततेचा सर्वांत महत्त्वाचा निकष मानता येईल. या इनपुटला कोणत्याही कंपनीचा प्लेयर, फोन, लॅपटॉप किंवा रेडिओ हेडफोनच्या जॅकमधून जोडता येतो. २०१२ नंतर ज्या डॉकना असे इनपुट नव्हते ते नव्या फोनधारकांसाठी अडॅप्टरशिवाय निरुपयोगी ठरले. ज्यांना ते होते ते साधे स्पीकर म्हणून वापरात राहिले. २०१६ पासून आयफोनमधून व पुढे इतर अनेक फोनमधूनही हेडफोनचा जॅक काढला गेला. तरीही अशा फोनसाठी मिळणाऱ्या छोट्या रूपांतरकाच्या साहाय्याने ऑक्स इनपुट वापरता येते.

ऑक्समधून वाजवताना प्लेयरचे चार्जिंग होत नाही व डॉकचा रिमोट केवळ आवाज कमी-जास्त करतो. आवाजाचे नियंत्रण दोन ठिकाणी असल्यामुळे प्लेयरचा आवाज बऱ्यापैकी वर ठेवून डॉकवरून हवा तेवढा करणे इष्ट असते. याउलट केल्यास पार्श्वभूमीची सरसर अधिक ऐकू येते.

ध्वनीचा दर्जा

डॉकचा आवाज शक्यतो ओळखीच्या संगीतावर पारखला जातो. शास्त्रीय गायनाच्या श्रोत्यासाठी तंबोरा ही सोपी कसोटी आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. तळहाताएवढ्या डॉकमधून ही वारंवारता फारच क्षीण येते किंवा येतच नाही. तरीही खर्ज ओळखू येतो, कारण १३८, २०७ हर्ट्झ अशा तिच्या पटींतील स्वरांशांवरून मेंदू मूळ स्वराचे अनुमान करतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाज व ढोल यांच्या बाबतीत मात्र हरवलेला भार लगेच जाणवतो. निवेदन, नाट्यवाचन, कीर्तन किंवा भावगीते ऐकण्यासाठी खर्जापेक्षा मधल्या पट्ट्यातील स्पष्टता अधिक महत्त्वाची असते आणि तेथे चांगला छोटा डॉक समाधानकारक काम देतो.

काही डॉक खर्ज कृत्रिमरीत्या फुगवतात. कमी आवाजात ते कानाला भरदार वाटते, पण आवाज वाढवल्यावर पेटी थरथरते व शब्द अस्पष्ट होतात. म्हणून पारख करताना आवाज हळू, मध्यम व मोठा अशा तीनही पातळ्यांवर ऐकणे उपयुक्त ठरते.

स्टिरिओ परिणामाबाबतही वास्तव अपेक्षा ठेवावी लागते. दोन स्पीकर १५ ते २० सेंमी अंतरावर असतील, तर समोर अगदी जवळ बसलेल्या श्रोत्यालाच डावे-उजवे वेगळे जाणवते. खोलीच्या पलीकडे बसलेल्यास सर्व ध्वनी एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो.

शक्तीचे आकडे

वेष्टनावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरून आवाजाचा अंदाज बांधणे कठीण असते. भारतीय बाजारात दीर्घकाळ प्रचलित असलेला 'पीएमपीओ' हा आकडा क्षणिक व सैद्धान्तिक कमाल शक्ती दर्शवतो. त्याची मोजणी एकसारख्या पद्धतीने होत नाही व तो प्रत्यक्ष सलग मिळणाऱ्या शक्तीच्या अनेक पट असू शकतो. तुलनेसाठी 'आरएमएस' असा उल्लेख असलेला आकडा अधिक ग्राह्य असतो.

शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारणपणे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. याच कारणाने ५ वॅट व १० वॅट या दोन डॉकमधील फरक ऐकताना अपेक्षेपेक्षा कमी भासतो. स्पीकरची संवेदनशीलता व पेटीची बांधणी यांचा प्रभाव बहुधा अधिक असतो.

अंतराचा परिणामही लक्षणीय आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. १ मीटरवर ८० डेसिबल देणारा डॉक २ मीटरवर सुमारे ७४ व ४ मीटरवर सुमारे ६८ डेसिबल देतो. बंद खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्यामुळे ही घट कमी असते. घरात पुरेसा वाटणारा डॉक गच्चीवर किंवा अंगणात अपुरा पडतो, तो यामुळे. घरात डॉक भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज काहीसा वाढतो.

विद्युतपुरवठा

सुवाह्य डॉकमध्ये दोन पद्धती आढळतात: बदलता येणारे सेल किंवा आतील रीचार्जेबल बॅटरी. पेन्सिल सेल कोणत्याही दुकानात मिळतात व संपल्यावर लगेच बदलता येतात. वारंवार वापर असल्यास रीचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल किफायतशीर ठरतात. आतील लिथियम-आयन बॅटरी हलकी असते व सोयीची वाटते. तथापि काही वर्षांनंतर तिची क्षमता घटते आणि ती बदलता येत नसेल, तर सुवाह्य डॉक केवळ वायरीला बांधलेला डॉक उरतो.

बॅटरीवर चालत असताना डॉक प्लेयरलाही चार्ज करतो का, हे तपासण्याजोगे असते. १.२ व्होल्ट व २,००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेच्या चार सेलमध्ये एकूण ९.६ वॅट-तास ऊर्जा असते. ३.७ व्होल्ट व १,००० मिलिॲम्पिअर-तासांची प्लेयरची बॅटरी पूर्ण भरायची, तर ३.७ वॅट-तास लागतात. म्हणजे सेलमधील एक-तृतीयांशाहून अधिक ऊर्जा केवळ चार्जिंगवर खर्च होते. याच कारणास्तव काही डॉक केवळ घरगुती विजेवर असतानाच प्लेयर चार्ज करतात. उत्पादकांनी दिलेले बॅटरीचे तास बहुधा मध्यम आवाजासाठी असतात. मोठ्या आवाजात ते पुष्कळ कमी भरतात.

अडॅप्टरवरील विद्युतदाबाची नोंद विशेष महत्त्वाची असते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते, तर भारतात ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या डॉकच्या अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' असे लिहिलेले असल्यास केवळ पिनांचा आकार बदलणारा जोड पुरतो. फक्त १२० व्होल्ट लिहिलेला अडॅप्टर भारतात थेट लावल्यास जळतो. पर्यायी अडॅप्टर घेताना व्होल्टचा आकडा व पिनेची धन-ऋण बाजू मूळ अडॅप्टरप्रमाणेच असावी लागते आणि ॲम्पिअरचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा त्याहून अधिक असावा लागतो.

आकार, वजन व बांधणी

लहान आकार, भरदार खर्ज व दीर्घ बॅटरी या तिन्ही गोष्टी एकाच डॉकमध्ये पूर्णत्वाने मिळत नाहीत. प्रवासी पिशवीत नेण्यासाठी घडीचा, कनेक्टर झाकला जाणारा डॉक योग्य ठरतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यापुरताच वापर असेल, तर एक-दोन किलोग्रॅमचा डॉक चालतो व तो आवाजाला सरस असतो. प्लेयर बसवल्यावर डॉक मागे किंवा पुढे कलंडत नाही ना, मोठ्या आवाजात टेबलावरून सरकत नाही ना आणि स्पीकरपुढे धातूची जाळी आहे का, हे प्रत्यक्ष पाहणे योग्य असते. समुद्रकिनारी किंवा पावसाळ्यात वापरायचे असल्यास उघडा कनेक्टर हा कच्चा दुवा ठरतो. धूळ, क्षार व ओलावा यांमुळे पिना गंजतात.

मोबाइलचा व्यत्यय

फोन डॉकवर बसवला असता किंवा जवळ ठेवला असता स्पीकरमधून 'टर्र-टर्र' असा आवाज येण्याचा अनुभव २जी जाळ्याच्या काळात सार्वत्रिक होता. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओ लहरींचे झोत सोडतो आणि वर्धकातील तारा ते झोत पकडतात. आयफोन आल्यानंतर असा व्यत्यय रोखणारे आवरण असलेल्या डॉकवर 'वर्क्स विथ आयफोन' असे चिन्ह दिले जाऊ लागले. केवळ आयपॉडसाठी बनवलेल्या डॉकवर फोन वाजवायचा असल्यास एअरप्लेन मोडमुळे हा त्रास टळतो.

वापरलेला डॉक घेताना

स्पीकर डॉकचा बाजार आता मुख्यतः जुन्या वस्तूंचा आहे. अशा व्यवहारात पुढील गोष्टींची तपासणी केली जाते:

• कनेक्टरच्या पिना सरळ व स्वच्छ आहेत का आणि प्लेयर किंचित हलवल्यावर आवाज तुटतो का.
• डावा व उजवा असे दोन्ही स्पीकर समान वाजतात का.
• स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फाटलेली किंवा भुसभुशीत झालेली आहे का. फोमची कड वर्षांनुवर्षांच्या दमटपणाने विरते.
• सेलच्या कप्प्यात गळतीचे पांढरे-हिरवट डाग आहेत का.
• मूळ अडॅप्टर व रिमोट सोबत आहेत का. अनेक डॉकवर सर्व नियंत्रणे नसतात व रिमोट हरवल्यास काही सुविधा वापरताच येत नाहीत.
• ऑक्स इनपुट आहे का व ते चालते का.

जुन्या डॉकचा पुनर्वापर

ज्या डॉकचा कनेक्टर कालबाह्य झाला आहे, परंतु स्पीकर सुस्थितीत आहेत, त्यांचा वापर तीन मार्गांनी चालू ठेवता येतो. ऑक्स इनपुट असल्यास वायरीने जोडणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याच इनपुटला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडल्यास डॉक बिनतारी स्पीकर होतो. ऑक्स नसल्यास ३०-पिन कनेक्टरवरच बसणारे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात. ते डॉककडून वीज घेतात आणि ध्वनिसंकेत लाइन-आउटच्या पिनांवर देतात. मात्र जो डॉक केवळ फायरवायरच्या पिनांवर १२ व्होल्ट पुरवतो, त्यावर ५ व्होल्टचा रिसीव्हर चालत नाही. म्हणून खरेदीपूर्वी डॉकच्या मॉडेलशी रिसीव्हर सुसंगत असल्याची खात्री करणे आवश्यक असते.

आयपॉडसारखा स्वतंत्र प्लेयर अजूनही वापरणाऱ्यांसाठी मूळ डॉकचे काही फायदे टिकून आहेत. इंटरनेटची गरज नसते, फोन आल्याने संगीत थांबत नाही, बिनतारी प्रसारणातील विलंब नसतो आणि वाजता वाजताच प्लेयर चार्ज होतो. ज्येष्ठ व्यक्तींसाठी ठरावीक भजने, नाट्यगीते किंवा अभंग भरून ठेवलेला प्लेयर कायम डॉकवर ठेवणे, हा अशा उपकरणाचा सुटसुटीत वापर आहे.

देखभाल व विल्हेवाट

दीर्घकाळ वापर नसल्यास सेल काढून ठेवावे लागतात, कारण अल्कलाइन सेल गळल्यास संपर्कपट्ट्या गंजतात. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवण्याऐवजी अंदाजे अर्धी भरलेली व थंड जागी ठेवणे योग्य मानले जाते. फुगलेली बॅटरी वापरणे किंवा टोचणे धोकादायक असते. कनेक्टर कोरड्या, मऊ ब्रशने साफ करतात. प्लेयर काढताना तो पुढे-मागे न वाकवता सरळ वर उचलल्यास पिना टिकतात.

भारतात निकामी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विल्हेवाटीसाठी ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बॅटऱ्यांसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे स्वतंत्र नियम आहेत. डॉक व त्यातील बॅटरी घरगुती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात देणे अपेक्षित आहे. केवळ कनेक्टर जुना झाल्यामुळे टाकून दिलेल्या डॉकमधील वर्धक, स्पीकर व अडॅप्टर बहुधा चालू स्थितीत असतात, म्हणून विल्हेवाटीपूर्वी वर दिलेल्या पुनर्वापराच्या मार्गांचा विचार करता येतो.

हेही पाहा

• आयपॉड
• वॉकमन
• ध्वनिवर्धक
• ब्लूटूथ
• यूएसबी
• ई-कचरा